होकार कळवण्याआधी जरा ऐक

मुक्ता, तुझा मेसेज वाचून आधी माझीच छाती फुगली. डेबियनमधल्या एका पॅकेजचे मेंटेनर आपणहून विचारतात, 'अपलोडर्समध्ये तुझं नाव घालू का?' असं कुणी उगाच विचारत नाही. वर्षभर तू पॅच पाठवत होतीस, लोकांनी टाकलेले बग आपल्या लॅपटॉपवर परत परत करून बघत होतीस, तेही कुणी शाबासकी देईल अशी आशा न ठेवता. त्यांनी ते पाहिलंय. तेव्हा आनंद कर, आईलाही सांग. ती शेजारी 'आमची धाकटी परदेशी कंपनीत लागली' म्हणून सांगून मोकळी होईल, त्याला इलाज नाही.

पण होकार कळवण्याआधी माझं जरा ऐकून घे. तुझ्या मेसेजमधलं एक वाक्य मला खटकलंय. 'ताई, दोघं असलो की जबाबदारी निम्मी होईल ना?' अगं, काम निम्मं होतं. जबाबदारी नाही होत. दोन नावं लागली की उलट एक नवीनच भानगड सुरू होते. तुला वाटतं त्यांनी बघितलंय, त्यांना वाटतं तू बघितलंयस, आणि बघितलेलं कुणीच नसतं. तुला घाबरवायला म्हणून हे सांगत नाहीये. डेबियनने याची चांगली सणसणीत किंमत मोजलेली आहे.

२००६ची गोष्ट आहे, तू तेव्हा शाळेतही नीट जायला लागली नव्हतीस. ओपनएसएसएल माहितीये ना? किल्ल्या तयार करणं, मजकूर सांकेतिक करणं, सगळं त्याच्या जिवावर चालतं. मेमरी तपासणारं व्हॅलग्राइंड कुरकुर करायला लागलं, की इथे काहीच न भरलेली जागा वाचली जातेय. डेबियनच्या मेंटेनरने कुरकुर कुठून येते ते शोधलं, दोन ओळी सापडल्या. आता नीट ऐक, त्याने परस्पर काही केलं नाही. ओपनएसएसएलच्या मूळ मंडळींना विचारलं, की या ओळी काढल्या तर चालतील का. उत्तर आलं, त्याचा अर्थ साधारण असा, की डीबगिंगला मदत होत असेल तर काढायला हरकत नाही. त्याने काढल्या. त्यातली एक ओळ गेली तरी चालणारी होती. दुसरीतून मात्र किल्ली घडवायला लागणारा सगळा रँडमपणा आत येत होता. ती गेल्यावर उरला फक्त प्रोसेसचा नंबर. म्हणजे एका जातीच्या मशिनवर एका प्रकारच्या किल्ल्या किती निघणार? जेमतेम ३२ हजार. कुणीही बसल्याजागी सगळ्या बनवून ठेवाव्यात!

हे मे २००८पर्यंत तसंच चाललं. लुसियानो बेलो या डेबियनच्याच डेव्हलपरच्या लक्षात आलं, १३ मेला जाहीर झालं, आणि डेबियन, उबुंटू वापरणाऱ्या साऱ्या जगाने आपापल्या किल्ल्या मोडीत काढून नव्या केल्या.

लोकांनी तेव्हा त्या मेंटेनरला फार बोल लावले. मला ते पटत नाही. त्याने विचारलं होतं ना! पण तो विचारत होता पॅकेजमध्ये घालायच्या बदलाबद्दल, आणि उत्तर देणाऱ्याच्या डोळ्यांपुढे होतं कुणाचं तरी डीबगिंग. सगळा पॅच समोर ठेवून 'हा मी लाखो मशिन्सवर पाठवणार आहे, बघा' असं झालंच नाही. दोन्हीकडे शहाणी माणसं होती आणि दोन्हीकडे वाटत होतं, की पलीकडच्याने पाहिलंय.

म्हणून तुला सांगते, तुमच्या पॅकेजच्या पॅचेसच्या फोल्डरमध्ये जा आणि एकेक फाइल उघड. हल्ली प्रत्येक पॅचच्या माथ्यावर माहितीच्या चार ओळी लिहायची पद्धत आहे. पॅच कुणाचा, कशासाठी, आणि 'फॉरवर्डेड' म्हणून एक ओळ, म्हणजे मूळ लेखकांना कळवलंय की नाही. ती ओळ रिकामी असेल किंवा नुसतं 'नो' असेल, तर तिथे थांब. का नाही कळवलं ते विचार. कारण असेल, नसेलही. मी एकदा असाच एक पॅच काढून बघितला तर मूळ लेखकांनी ती चूक कधीच दुरुस्त केलेली, आणि आम्ही वर्षानुवर्षं ओझं वाहत बसलेलो. नव्या माणसाचा हाच तर फायदा असतो. जुन्याला ज्याची सवय झालीय ते नव्याला टोचतं. महिन्याभरात तुलाही टोचेनासं होईल, तेव्हा आत्ताच बघून घे.

आता तुझा दुसरा प्रश्न. 'एक्सझेडच्या प्रकरणानंतर ते माझ्यावर विश्वास कसा काय ठेवतात?' चांगला प्रश्न आहे. त्यांनीही तो स्वतःला विचारला असेल अशी आशा करू.

ते प्रकरण तू बातमीपुरतं वाचलंयस, पण त्यातला जो भाग मेंटेनरने वाचायला हवा तो बातम्यांमध्ये फारसा आला नाही. लासे कॉलिन हा फिनलंडचा माणूस एक्सझेड यूटिल्स वर्षानुवर्षं जवळजवळ एकट्याने सांभाळत होता. फायली दाबून लहान करायचं काम. इतकं तळातलं, की जवळपास प्रत्येक लिनक्स मशिनवर असतं आणि कुणाला त्याचं नाव घ्यायची वेळ येत नाही. २०२१च्या ऑक्टोबरात 'जिया टान' या नावाने पॅच यायला लागले. साधे, नीटनेटके पॅच. २०२२मध्ये आणखी काही नावं उगवली, ती मात्र पॅच पाठवणारी नव्हती, तगादा लावणारी होती. रिलीजला इतका उशीर का, तुम्हाला रस उरला नसेल तर दुसऱ्याच्या हाती द्या ना. त्यातलं एक नाव तर अगदी तुझ्या वर्गातल्या कुणाचं वाटावं असं, जिगर कुमार! खरा कोण, देव जाणे. तगाद्याचं काम झाल्यावर ही नावं जी गेली ती गेलीच.

कॉलिनने त्या जूनमध्ये दिलेलं उत्तर मी कितीदा तरी वाचलंय. रस गेलेला नाही, पण मानसिक आरोग्याच्या जुन्या तक्रारींमुळे फार काही हातून होत नाही, आणि हे बिनपगारी, छंदाचं काम आहे हे ध्यानात असू द्या, असा त्याचा आशय. त्यातच त्याने लिहिलं होतं, की जिया टानकडे पुढे जास्त काम सोपवावं असा विचार आहे. बघ ना, माणूस थकलेला, बाहेरून टोचणी सुरू, आणि मदतीला एकच जण उभा. हुशार, सौम्य, कधी आवाज न चढवणारा. तू त्या जागी असतीस तर काय केलं असतंस? मी तर हायसं वाटून किल्ल्या दिल्या असत्या.

२०२३मध्ये जिया टान स्वतः रिलीज काढायला लागला. २०२४च्या फेब्रुवारीत ५.६.० आली, मार्चमध्ये ५.६.१. दोन्हींत चोरदरवाजा होता. तो गिटमध्ये शोधून सापडला नसता. विषारी भाग लपवला होता चाचणीच्या फायलींमध्ये. तिथे मुद्दाम मोडक्या फायली ठेवलेल्याच असतात, त्यामुळे कुणी त्या उघडून बघत नाही. आणि तो भाग बाहेर काढून जोडणारी स्क्रिप्ट गिटमध्ये नव्हतीच, ती फक्त रिलीजच्या टारबॉलमध्ये होती. डेबियन, फेडोरा वगैरेंनी एसएसएचडीला सिस्टिमडीची जोड दिलेली असल्यामुळे एक्सझेडची लायब्ररी तिथे आपोआप ओढली जायची, आणि नेमकं तिथेच घर करायचा बेत होता.

मला त्यातलं सगळ्यांत बारीक काम दाखवू दे, कारण तुला यापुढे असलंच वाचायचंय. एका कमिटमध्ये सीमेकच्या तपासणीचा एक छोटा तुकडा आहे. मशिनवर लँडलॉक नावाचं संरक्षण मिळतंय का, हे एक इवलासा प्रोग्रॅम कम्पाइल करून बघायचं, एवढंच त्याचं काम. वरती दोन-चार इन्क्लूडच्या ओळी, खाली फंक्शन, आणि मध्ये एका ओळीवर नुसतं एक टिंब. बस. त्या टिंबामुळे तो तुकडा कधी कम्पाइलच व्हायचा नाही, तपासणी म्हणायची 'लँडलॉक नाही', आणि संरक्षण बिनबोभाट बंद. तो कमिट काढून बघ एकदा. मला जागा माहीत असूनही पहिल्यांदा नजर त्यावरून घसरली होती.

मग वितरकांच्या मागे लागणं सुरू झालं. नवी आवृत्ती फेडोरात घ्यावी म्हणून जिया टान तिथल्या मेंटेनरशी कित्येक आठवडे बोलत होता. डेबियनमध्येही मार्चच्या शेवटच्या आठवड्यात एका भलत्याच नावाने बग आला, की ५.६.१ घ्या. आणि २९ मार्चला अँड्रेस फ्रॉइंडने सगळं उघडं पाडलं. हा पोस्टग्रेसचा डेव्हलपर, मायक्रोसॉफ्टमध्ये नोकरीला. तो काही एक्सझेड तपासायला बसला नव्हता. डेबियनच्या सिडवर, म्हणजे सतत बदलत्या शाखेवर, दुसरीच काही मोजमापं करत होता, तेव्हा एसएसएचचं लॉगिन ०.३ सेकंदांऐवजी ०.८ सेकंद घेतंय आणि प्रोसेसर जास्त खातंय हे त्याला दिसलं. त्याने दुर्लक्ष केलं नाही, इतकंच. डेबियनच्या स्टेबलपर्यंत ते पोचलं नाही, सिड आणि टेस्टिंगमध्येच सापडलं.

यावर लोक म्हणतात, अनोळखी माणसावर विश्वास ठेवला हीच चूक. असं कसं म्हणता येईल? तू तुमच्या मेंटेनरना कधी भेटलीस? मी ज्यांच्याबरोबर इतकी वर्षं काम केलं त्यातल्या निम्म्यांचा आवाजही ऐकलेला नाही. ओपन सोर्समध्ये सगळेच आधी अनोळखी असतात. माझ्या मते घोटाळा नंतर झाला. कॉलिनने विश्वास ठेवल्यावर त्या विश्वासाच्या शेजारी उभं राहून रोज बघणारं तिसरं कुणी नव्हतं. सगळं जग ते वापरत होतं, त्यात पैसेवाल्या कंपन्या होत्या, आणि वाचणारे होते दोन, त्यातला एक चोर.

आईची भिशी आठव. इतक्या वर्षांत त्या बायकांमध्ये किती रुसवेफुगवे झाले, पण पैशावरून एकही नाही. कारण पैसे जिच्याकडे असतील तिची वही कुणीही केव्हाही मागू शकते, आणि वही मागितली म्हणून कुणाला अपमान वाटत नाही. तुम्हा दोघांत मला एवढंच हवंय. त्यांनी केलेलं तू वाचायचं, तू केलेलं त्यांनी, आणि 'माझा विश्वास आहे, टाक अपलोड' असं ते म्हणाले तरी म्हणायचं, 'तुमचा आहे हो, पण डिफवर एक नजर टाकाच.' मोठ्या माणसाला असं सांगायला जीभ अडखळते, ठाऊक आहे. आपल्या घरात वडीलधाऱ्यांचं काम तपासून बघणं म्हणजे आगाऊपणा. तिकडे तसं नाही. तपासलं नाहीस तर आश्चर्य वाटतं.

नवी आवृत्ती आली की टारबॉल घेऊन मोकळी होऊ नकोस. गिटमधल्या टॅगशी ताडून बघ, टारबॉलमध्ये जास्तीचं काय आहे ते पाहा. जास्तीचं असतंच, कॉन्फिगरची स्क्रिप्ट वगैरे, पण ते काय आहे हे तुला सांगता आलं पाहिजे. मग डेबडिफ चालवून जुन्या-नव्या पॅकेजमधला फरक वाच. कंटाळवाणं काम आहे. चहा घेऊन बस.

सहीबद्दल तुझा एक गैरसमज झालेला दिसतो. डेबियनमध्ये पुढे जायचं तर तुझ्या जीपीजी कीवर आधीच्या डेव्हलपरांच्या सह्या लागतात, आणि त्यासाठी सहसा समोरासमोर भेटून पासपोर्टसारखं ओळखपत्र दाखवायचं, फिंगरप्रिंट ताडून बघायचं. २०२३च्या सप्टेंबरात कोचीला डेबकॉन्फ झाली तेव्हा तू यायला हवं होतंस, एका फेरीत काम झालं असतं. असो. पण त्या सह्यांनी कळतं ते एवढंच, की मुक्ता नावाची बाई खरोखर आहे आणि ही की तिची आहे. तू भरवशाची आहेस का, हे कीवरून कळत नाही. ते तुझ्या जुन्या कामावरून आणि त्यावर कुणाची नजर होती त्यावरून कळतं. सध्या तुझं अपलोड कुणी ना कुणी डेव्हलपर तपासून, स्वतःची सही करून पाठवेल. त्याला अडथळा समजू नकोस. ती तुझ्यासाठीही ढाल आहे. आणि एक अगदी निक्षून सांगते. 'मी गावी चाललोय, माझ्या कीने टाकून दे' असं कुणी गोड बोलून म्हटलं तरी नाही म्हणायचं. आपली की द्यायची नाही आणि दुसऱ्याची घ्यायची नाही, मग तो कितीही जवळचा असो. की रद्द करायचं प्रमाणपत्र आधीच करून, छापून, कपाटात ठेव.

मग येतं मनाला लागणारं प्रकरण, एनएमयू. तुमच्या पॅकेजमध्ये एखादा गंभीर बग पडून राहिला, तुम्ही दोघंही गप्प, तर तिसराच कुणी डेव्हलपर दुरुस्ती करून अपलोड करू शकतो. बगवर आधी पॅच टाकतो, आणि बहुधा डिलेड क्यूमध्ये दोन, पाच किंवा दहा दिवस ठेवतो, म्हणजे तुम्हाला 'थांबा' म्हणायला वेळ मिळावा. आवृत्तीच्या नंबरामागे '.१' लागतो. पहिल्यांदा तो '.१' दिसला की काळजात चर्र होतं, जणू चारचौघांत कुणी आपली पिन केलेली ओढणी सरळ करून दिली. तसं काही नसतं गं. आभार मान, पॅच वाच, आपल्या गिटमध्ये घे. एनएमयूवरून भांडणारे मेंटेनर मी पाहिलेत. त्यांच्याकडे मदतीला मग कुणी फिरकत नाही, आणि शेवटी ते एकटेच उरतात. एकट्या उरलेल्या माणसाचं काय होतं ते वर सांगितलंच.

टीमच्या नावावर असलेल्या पॅकेजचं आणखी वेगळं. आपण मराठी वाचतो तो लोहित देवनागरी फॉन्ट घे. डेबियनमध्ये तो फॉन्ट टीमच्या नावावर आहे. टीमचं नाव दिसलं की लोक निर्धास्त होतात, पण टीम काही रात्री बसून बग बघत नाही, माणूस बघतो. अपलोडर्समध्ये जी नावं असतात त्यांतलं कोण जागं आहे, हे शेवटचे चेंजलॉग वाचूनच समजतं. तुमच्या पॅकेजचेही वाच. गेल्या दोन वर्षांत त्यांच्याखेरीज कुणाचं नाव आहे का?

आता जे खरं सांगायचं होतं ते. थकल्यावर काय करायचं, हे आत्ता ठरव. २०१८मध्ये जावास्क्रिप्टच्या जगात इव्हेंट-स्ट्रीमचं झालं ते असंच. लेखक स्वतः ते वापरेनासा झाला होता, त्यातून त्याला काही मिळत नव्हतं, कुणीतरी मेल करून मागितलं, त्याने दिलं. नव्याने त्यात एक पिल्लू सोडलं, आणि ते लोकांच्या बिटकॉइनच्या वॉलेटवर जाऊन बसलं. देणारा काही दुष्ट नव्हता. मागणारा पहिलाच माणूस निघाला आणि दुसरी काही वाट बांधलेली नव्हती.

डेबियनमध्ये वाट बांधलेली आहे, हे या संस्थेचं मला सर्वांत आवडतं. मदत हवी असेल तर आरएफएच, कुणी सांभाळायला घ्यावं असं वाटलं तर आरएफए, आणि हातच टेकले तर ऑर्फन म्हणून जाहीर करायचं. सगळं उघड्यावर, सगळ्यांना दिसेल असं. यात कमीपणा नाही. कमीपणा वाटून घेणाऱ्यांची मात्र पंचाईत होते, आणि आपण दोघी त्याच जातकुळीतल्या. घरी पाहुणे आले की तापात उठून पोळ्या लाटणाऱ्या आईच्या लेकी. 'होईल, करते' हे आपल्या तोंडातून विचार करायच्या आत निघतं. तुझं बग ट्रॅकरवरचं बोलणं मी वाचलंय (हो, वाचलंय, सगळं उघडंच असतं). सहा ठिकाणी 'आज रात्री बघते' लिहिलंयस. कुणी मागितलं नव्हतं. 'बघायला जमेल तेव्हा कळवते' एवढं लिहायला शिक. आणि कुणी उठून तगादा लावला, 'इतका वेळ का, तुम्हाला जमत नसेल तर सोडा', तर दोन दिवस उत्तरच द्यायचं नाही. घाईत कुणाला अधिकार द्यायचा नाही, घाईत कुणाचा घ्यायचाही नाही.

आता त्यांना मेल लिही. हो म्हण, मनापासून म्हण. पण बरोबर हेही विचार, की एकमेकांचं काम अपलोडआधी बघायचं हे त्यांना चालेल का. की, रेपो, मूळ लेखकांशी बोलणं, यातलं काय काय आज फक्त त्यांच्या एकट्याच्या हातात आहे. आणि त्यांना थांबावंसं वाटलं तर ते तुला किती आधी सांगतील. तुझ्याबद्दल तेवढंच मोकळेपणाने लिही. एप्रिलात एम.एस्सी.ची परीक्षा आहे, तेव्हा महिना-दीड महिना तू दिसणार नाहीस, हे पहिल्याच मेलमध्ये घाल. आणि त्या सहा 'आज रात्री'पैकी जे खरंच होणार नाहीत, त्यांच्यावर मेल पाठवायच्या आधी तसं लिहून ये.